कंपनीचं आणि बाहेरचं

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर काकांनी डॉक्टरांकडे जुना भाग परत मागितला होता. मी तेव्हा त्यांच्याबरोबर होतो, त्यामुळे ही गोष्ट ऐकीव नाही. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, मांडीवर औषधांची पिशवी, आणि काका खुर्चीत ताठ बसून विचारत होते, "डॉक्टर, जुनी काच कुठे आहे?"

डॉक्टरांना आधी कळलंच नाही. "ती काढली, काका. आता नवीन बसवली."

"ते ठीक आहे. पण नवीन भाग बसवला की जुना गिऱ्हाइकाला परत द्यायचा असतो. कंपनीचा नियम आहे."

ती काच आतल्या आत फोडून ओढून घ्यावी लागते, हाती देण्यासारखं काही उरत नाही, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं. आम्ही रिक्षाने निघालो. सोसायटीचं गेट दिसायला लागलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे आता परत बसवता येणार नाही. डोळ्यात बाहेरचं आलं ते आलंच."

पाथर्डी फाट्याकडच्या त्या सोसायटीत मी बरीच वर्षं काढली, त्यातली बरीचशी खजिनदार म्हणून. काका आमच्या घराच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर राहायचे. सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात नोकरी करून ते निवृत्त झाले होते. नोकरी संपली, पण तपासणी संपली नाही. भाजी बाजारात फ्लॉवरचा गड्डा हातात फिरवून ते "रिजेक्ट" म्हणत आणि खाली ठेवत. लग्नात मठ्ठ्याचा घोट घेऊन "पास" म्हणत. सोसायटीच्या टाकीवर नवीन झाकण आलं तेव्हा त्यांनी ते बोटाने वाजवून पाहिलं आणि मला म्हणाले, "खजिनदार, पावसाळा काढेल. पुढचं सांगत नाही." पावसाळा काढला. पुढे तडा गेला.

जगाचे त्यांनी दोन भाग केले होते, कंपनीचं आणि बाहेरचं. कंपनीचं म्हणजे वस्तू जिथे बनली तिथूनच तिच्याबरोबर आलेलं. नंतर कोणी बसवलं, चिकटवलं, जोडलं, ते सगळं बाहेरचं. त्यांच्या मोटारीच्या सीटवरचं प्लास्टिक त्यांनी कधीच काढलं नव्हतं, कारण ते कंपनीनं घालून दिलं होतं. एप्रिल-मे महिन्यात त्या गाडीतून उतरणाऱ्याचा सदरा पाठीला चिकटलेला असे. सीट कव्हर घ्या असं कोणी सुचवलं की उत्तर ठरलेलं. "बाहेरचं आहे ते."

मी एकदा त्यांना म्हटलं, "काका, मग तुमचा चष्मा? तोही बाहेरचाच की."

त्यांनी चष्मा काढून माझ्यासमोर धरला. "ही अ‍ॅक्सेसरी. काढून ठेवता येते. फिटिंग वेगळं, अ‍ॅक्सेसरी वेगळी. हिशेबाच्या माणसाला हे कळायला पाहिजे."

मला ते पटलं, हे मान्य करायला हवं.

काकू या सगळ्याला सरावल्या होत्या. त्यांचा स्वभाव उलटा. त्या हसत कमी आणि हसवत जास्त. गुडघे दुखतात म्हणून गॅलरीत खुर्ची टाकून भाजी निवडायच्या आणि तिथून खालच्या पार्किंगचं सगळं बघायच्या. काका हॉटेलात खात नाहीत हे सांगताना म्हणायच्या, "यांना बाहेरचं चालत नाही. बाहेरची बाधा होते."

त्यांना एकच मुलगी. तिने काकांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं. मुलगा मालेगावकडचा, द्वारका चौकाच्या पुढे त्याचं मोटारींच्या सजावटीचं दुकान. सीट कव्हर, हॉर्न, स्टिरिओ, काळ्या काचांच्या जागी जाळीचे पडदे, असला माल. म्हणजे काकांच्या हिशेबात माणूसही बाहेरचा आणि धंदाही बाहेरचा. बाहेरचा म्हणजे नक्की कसा, हे त्यांनी कधी उलगडून सांगितलं नाही आणि सोसायटीत कुणाला विचारायची गरज पडली नाही. मला एकदाच म्हणाले होते, "घरात 'आहे'ला 'शे' म्हणतो म्हणे. हे काय शे, ते काय शे." त्यात राग होता असंही नाही. मापात न बसणाऱ्या नट-बोल्टाविषयी बोलावं तसं ते बोलले.

दसऱ्याला आणि दिवाळीला मुलगी यायची. जावई तिला स्कूटरवरून गेटपर्यंत आणून सोडायचा. हेल्मेट काढायचा नाही, आत यायचा नाही. काकू गॅलरीतून बघायच्या, काका पेपर वाचायचे. संध्याकाळी तो पुन्हा गेटपाशी यायचा, हॉर्न वाजवायचा नाही, फक्त थांबायचा. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं आणि आम्हा सगळ्यांना त्याची सवय झाली होती.

काकांची मान आखडली तिथून हे प्रकरण सुरू झालं.

मणक्यात काहीतरी झिजलं होतं. गळ्याला पट्टा आला. पुढे गाडी चालवायला त्यांना काही अडचण नव्हती, अडचण होती ती मागे वळून बघायची. आमचं पार्किंग अरुंद. काकांची गाडी नाक आत करून लावलेली असायची आणि बाहेर काढताना रिव्हर्स घ्यावीच लागायची. आरशात बघून ते काढायचे. एकदा पंपाच्या खोलीचा कोपरा गेला. त्यावर कोणी फारसं बोललं नाही. मग उन्हाळ्यात तळमजल्यावरच्या वहिनींनी खाटेवर कुरडया वाळत घातल्या होत्या, तिला गाडी लागली. खाट कलंडली. काका उतरले, सगळ्या कुरडया त्यांनी वाकता येईल तितकं वाकून पाहिल्या आणि म्हणाले, "दोनच तुटल्या. बाकी पास."

वहिनी म्हणाल्या, "काका, आज कुरडया होत्या. उद्या तिथं माझी नात बसलेली असेल."

पार्किंगमध्येच प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून मीटिंग झाली. अध्यक्षांचं म्हणणं होतं की काकांनी गाडी यापुढे गेटबाहेर, रस्त्यावर लावावी. मी मधला मार्ग सुचवला. मागचं दाखवणारा कॅमेरा बसवून घ्यावा. महिनाअखेरपर्यंत बसला तर गाडी आत, नाही तर बाहेर. ठराव झाला आणि तो काकांना सांगायचं काम माझ्याकडे आलं.

त्यांनी तो उभ्यानेच ऐकला. "बाहेर?" एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "गाडी बाहेर राहिली की आपली राहत नाही, खजिनदार."

त्यांच्यासाठी हा नुसता गाडीच्या जागेचा प्रश्न नव्हता. काकूंना रिक्षाची पायरी चढता येत नसे. गुडघ्याच्या व्यायामाला आणि दर आठवड्याला दिंडोरीला बहिणीकडे त्या काकांच्या गाडीतूनच जायच्या. गेटपासून रस्त्यावरच्या जागेपर्यंतचा खडीचा तुकडासुद्धा त्यांना जड होता. गाडी बाहेर गेली असती तर काकू घरात अडकल्या असत्या. हे काकांना ठाऊक होतं.

कॅमेरा म्हटला की त्याला चित्र दाखवायला स्क्रीन लागते. त्यांच्या गाडीत कंपनीचा जुना स्टिरिओ होता, एका सीडीच्या फटीचा, हिरव्या आकड्यांचा. त्यावर ते फक्त आकाशवाणीच्या बातम्या ऐकत. त्याचा उजवा आवाज गेलेला होता, त्यामुळे बातम्या डावीकडून यायच्या. स्क्रीन बसवायची तर हा स्टिरिओ काढावा लागणार होता. काका आधी कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला गेले. या गाडीला कंपनीचीच स्क्रीन बसवा, म्हणाले. काउंटरवरच्या माणसाने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि सांगितलं, "तुमच्या मॉडेलला कंपनीचं काही येत नाही, काका. तो स्टिरिओ पण बंद झाला. बाहेरून बसवून घ्या."

त्या दिवशी काका जेवले नाहीत, असं काकूंनी सांगितलं. "कंपनीनेच सांगितलं, बाहेरचं बसवा. आता कोणाकडे बघायचं माणसानं?"

मग त्यांनी मुंबई नाक्याकडची दोन दुकानं केली. त्यांची अट एकच, एकही वायर कापायची नाही, आणि पुढेमागे कंपनीचा स्टिरिओ होता तसा परत बसवता आला पाहिजे. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं. थोडं कटिंग करावंच लागतं, सगळेच करतात, गाडी आता किती वर्षांची झाली. काका दोन्हीकडून परत आले.

काकू मेथी निवडत होत्या. मी ठरावाची प्रत द्यायला वर गेलो होतो, त्यामुळे हे मी ऐकलं.

"एक दुकान राहिलंय," काकू म्हणाल्या.

काकांनी पेपर उलगडला.

"राहू द्या मग. गाडी रस्त्यावर पण छान दिसेल. कावळ्यांची सोय होईल."

दुसऱ्या दिवशी काकांनी माझी बेल वाजवली. "रविवारी मोकळे आहात का? एका मिस्त्रीकडे जायचंय."

आम्ही तिघं गेलो. काकू मागे, प्लास्टिकच्या सीटवर. द्वारका ओलांडली आणि काकांनी गाडी हळू केली. दुकान कुठे आहे हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. जावई एका जीपच्या दारात वाकून काम करत होता. त्याने मान वर करून पाहिलं, हात फडक्याला पुसले.

"या साहेब," तो म्हणाला.

"काम आहे, मिस्त्री," काका म्हणाले.

इतकी वर्षं ही दोन माणसं एकमेकांना गेटच्या अलीकडून आणि पलीकडून बघत होती. पहिलं बोलणं हे झालं. जावयाने काकूंसाठी दुकानातून स्टूल आणलं, त्यावर नवं सीट कव्हर घडी करून ठेवलं आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "बसा." काकू बसल्या.

काकांनी अट सांगितली. जावयाने गाडीत डोकं घातलं, थोडा वेळ पाहिलं आणि बाहेर आला. "स्टिरिओचं म्हणाल साहेब, तर एक वायर कापणार नाय. कंपनीच्या वायरींच्या गुच्छाला बसणारं कपलर मिळतं. हे काढलं, ते लावलं. परत पाहिजे तवा ते काढलं, हे लावलं."

काकांचा चेहरा जरा सैल झाला.

"पण कॅमेऱ्याचं तसं नाय," तो पुढे म्हणाला. "गाडी रिव्हर्समध्ये हाय हे कॅमेऱ्याला कळायला पाहिजे. ते मागच्या पांढऱ्या लाइटच्या वायरीवरून कळतं. तिथं हात लावावा लागंल."

"म्हणजे कापणार."

"कापणार नाय. सोलणार."

"फरक काय?"

"कापली म्हंजे तुटली, साहेब. सोलली म्हंजे वरचं कातडं तेवढं निघतं. आतलं तांबं अखंड ऱ्हातं. त्याला आपलं तांबं लावायचं, वरून टेप. नाय पाहिजे तवा जोड काढायचा, टेप मारायचा. वायर जिथली तिथं."

काका दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. रस्त्यावर ट्रकांची रांग चालली होती. पट्ट्यामुळे त्यांना मान खाली घालता येत नव्हती, म्हणून ते समोर बघत राहिले. जावई जीपकडे परत गेला नाही, तसाच थांबला. काकू स्टुलावरून म्हणाल्या, "मटार सोलतो तशी सोला हो. दाण्याला काही होत नाही."

काका आत आले. "सोला. पण मी बघणार."

आधी स्टिरिओ झाला. जावयाने प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने पॅनल सोडवलं, एक ओरखडा न आणता. जुना स्टिरिओ बाहेर आला तेव्हा त्याच्या मागे धुळीचा थर होता. काका म्हणाले, "जुना भाग..." आणि थांबले, कारण तो भाग पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून आधीच काकूंच्या मांडीवर पोहोचला होता.

मग मागचं काम. डिकीचं अस्तर काढून जावई आत वाकला. काकाही शेजारी वाकायला लागले, ते जमेना. मग त्यांनी डिकीच्या कडेला कोपर टेकलं आणि बॅटरी हातात घेतली. जावई सोलत होता, काका उजेड धरत होते. जोड झाल्यावर काकांनी दोन बोटांनी वायर धरून ओढून पाहिली. पुन्हा ओढली.

"पास," ते म्हणाले.

जावयाने वर पाहिलं नाही. टेप गुंडाळत राहिला.

नंतर त्याने स्क्रीन चालू करून रिव्हर्स टाकला आणि मागचं चित्र आलं. त्यावर रंगीत रेषा होत्या. हिरवी म्हणजे जागा आहे, पिवळी म्हणजे जपून, लाल म्हणजे थांबा. चित्र नीट येतं का हे बघायला त्याने काकूंना गाडीच्या मागे उभं राहायला सांगितलं. काकूंनी नंबरप्लेटच्या वरचा तो बोराएवढा कॅमेरा जवळून पाहिला, हात हलवला आणि विचारलं, "यातून दिसते का मी?" पुढून काका म्हणाले, "दिसतेस. लाल रेषेत आहेस, मागे सरक."

जावयाने बिल केलं, काकांनी ते भरलं. सूट हा शब्द दोघांपैकी कोणीच काढला नाही. निघताना काका म्हणाले, "येतो, मिस्त्री." तो म्हणाला, "या साहेब." मला वाटलं, प्रकरण संपलं. महिनाअखेर अजून लांब होती, ठरावाची अट पूर्ण झाली होती, गाडी आत राहणार होती. मी तसं अध्यक्षांना कळवूनही टाकलं.

पुढच्या रविवारी सकाळी काकांनी मला खाली बोलावलं. गाडीची पूजा झाली होती. बॉनेटवर फूल, चाकाखाली लिंबू, फोडलेला नारळ. दिंडोरीला जायचं होतं. काका आत बसले होते आणि समोरची स्क्रीन पूर्ण लाल होती. रेषा नाहीत, पार्किंग नाही, नुसता लाल रंग.

"फेल," काका म्हणाले. "आठवडाभरात फेल. बाहेरचं ते बाहेरचं. लावा त्या मिस्त्रीला फोन. बिलावर नंबर आहे."

"तुम्हीच लावा ना."

"मी गिऱ्हाईक आहे, तुम्ही खजिनदार आहात. तुमचा ठराव आहे."

मी फोन लावला. रविवारची सकाळ असूनही तो लगेच निघाला. स्कूटर नेहमीच्या जागी, गेटच्या बाहेर थांबली. हेल्मेट डोक्यावर. तो तिथूनच म्हणाला, "साहेब, गाडी जरा बाहेर आणता का? इथं बघतो."

काका गाडीपाशी उभे होते. गाडी नाक आत करून लावलेली होती. बाहेर आणायची तर रिव्हर्स घ्यावा लागणार, आणि रिव्हर्सच तर दिसत नव्हता. मागे वहिनींची खाट होती, खाटेवर त्यांची नात बसलेली होती.

"गाडी बाहेर येणार नाही," काका शेवटी म्हणाले. "तुम्ही आत या."

वॉचमनने गेट उघडलं. जावयाने हेल्मेट काढलं. मी त्याला हेल्मेटशिवाय आमच्या गेटमध्ये पहिल्यांदाच पाहत होतो, डोक्यावरचे केस कपाळाला चिकटलेले. तो डिकीपाशी गेला, वाकला, आणि तसाच वाकून राहिला. मग त्याने अंगठ्याने कॅमेरा पुसला आणि अंगठा बघितला.

"काय बिघाड नाय, मामा," तो म्हणाला. "कुंकू हाय."

मामा हा शब्द त्याच्या तोंडून सहज निघून गेला असावा, कारण तो लगेच पुन्हा कॅमेऱ्याकडे वाकला. त्यांच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. काकांनी शब्द ऐकला की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. ते डिकीकडे बघत होते. काकूंनी डिकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. चार बाजूंना चार हात, आणि बरोबर मधोमध, कॅमेऱ्याच्या काचेवर, ओल्या कुंकवाचा जाड टिळा.

वरून काकूंचा आवाज आला. "अगंबाई, मला काय माहीत तिथं त्याचा डोळा असतो ते."

मी वर पाहिलं. आठवड्यापूर्वी त्या याच डोळ्यासमोर उभं राहून हात हलवत होत्या. काकांनी वर पाहिलं नाही, तशी त्यांची मान वळतही नव्हती. ते माझ्याजवळ सरकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मध्य बघा, खजिनदार. अर्ध्या सुताचा फरक नाही. इतकं अचूक चुकून होत नसतं."

"मग?"

"मग काय. काम चांगलं आहे."

जावई खिशात रुमाल शोधत होता. काकू वरून म्हणाल्या, "कुंकवाचा हात घेऊन दारातून कुणी परत जातं का? वर येऊन हात धुवा."

तो काकांकडे बघत राहिला. काकांनी गाडीची किल्ली काढली, दार लावलं, दार लागलं का ते ओढून पाहिलं. मग जिन्याकडे निघाले आणि पहिल्या पायरीवर थांबून, पाठ तशीच ठेवून म्हणाले, "चला. पायरी जरा उंच आहे पहिली."

ते वर गेले. दिंडोरीला त्या दिवशी कुणी गेलं नाही. दुपारी मुलगीही आली. मी पुढची एक गोष्ट फक्त नोंदवतो, तिच्यावर मत देत नाही. जिन्यात सकाळपासून पुरणाचा वास होता. हरभऱ्याची डाळ शिजवून, वाटून, पुरण व्हायला किती वेळ लागतो हे आमच्या घरी विचारून घेतलं. माझ्या फोनच्या बरंच आधी ती डाळ चुलीवर चढलेली होती.

त्यानंतर स्कूटर आत लागायला लागली. 'बाहेरच्या व्यक्तींनी आत वाहने लावू नयेत' असा फलक मीच रंगवून घेतला होता, आणि स्कूटर बरोबर त्याच्या खाली उभी असायची. अध्यक्षांनी एकदा मला विचारलं, ही कुणाची. मी म्हटलं, पहिल्या मजल्यावरच्यांची.

काकांच्या बोलण्यात मात्र लगेच काही बदल झाला नाही. जावयाला ते मिस्त्रीच म्हणत राहिले. ताटावर बसवून "वाढ गं मिस्त्रींना" म्हणत. जावईही दुकानात त्यांना साहेब म्हणे आणि घरात मामा. कॅमेऱ्याने काम चोख केलं. वहिनींच्या कुरडया पुढच्या उन्हाळ्यात शाबूत राहिल्या.

दोनेक वर्षांनी काकांनी स्वतःहून गाडी बंद केली. हातापायांना मुंग्या यायला लागल्या होत्या. कुणी सांगायच्या आत त्यांनी स्वतःलाच रिजेक्ट केलं, हे त्यांचे शब्द. काकूंना न्यायची-आणायची जबाबदारी जावयाच्या जुन्या व्हॅनवर आली. गाडीला दिंडोरीकडचा एक द्राक्षवाला गिऱ्हाईक म्हणून मिळाला. तो ठरलेल्या दिवशी न्यायला आला, तर गाडीत स्क्रीन नाही. जागेवर जुना हिरव्या आकड्यांचा स्टिरिओ. आदल्या दिवशी जावयाने माळ्यावरचं वर्तमानपत्र सोडून तो परत बसवला होता. मागचा जोड काढून टेपही मारला होता.

"काका, मोठी स्क्रीन होती ना हिच्यात?" गिऱ्हाईक म्हणाला. "अन् ह्याचा तर एकाच बाजूनं आवाज येतोय."

"कंपनीनं दिली तशी तुम्हाला दिली," काका म्हणाले. "स्क्रीन पाहिजे तर बाहेरून बसवून घ्या. बाहेरचं चांगलं असतं. दुकान मी सांगतो."

गाडी गेटबाहेर गेली. काका कठड्याला धरून बघत होते. मी विचारलं, "स्क्रीन ठेवून काय करणार?"

"बघू. ती विकायला काढलेली नव्हती."

पुढे आम्ही ती सोसायटी सोडली. गेल्या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. काकांचा पट्टा आता कायमचा आहे, ते फारसे उठत नाहीत. त्यांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर, कंपनीने दिलेल्या निवृत्तीच्या घड्याळाशेजारी ती स्क्रीन लावलेली होती. जावयाने तिला घरातल्या विजेवर जोडून दिलं होतं आणि कॅमेरा बाहेर दाराच्या जाळीवर बसवला होता. त्या स्क्रीनची अजून अशी समजूत आहे की गाडी रिव्हर्समध्ये आहे. त्यामुळे जिना तिच्यात कायम दिसत राहतो, रेषांसकट. वरच्या मजल्यावर जाणारा माणूस हिरव्यात शिरतो, पिवळ्यातून जातो. आपल्या दारात येणारा तेवढा लाल रेषेपर्यंत पोहोचतो.

"उजवं-डावं उलटं दिसतं यात," मी म्हटलं. जिना उजवीकडे होता, स्क्रीनवर डावीकडे.

"गाडीत ते बरोबर असतं, भिंतीवर उलटं. सेटिंग बदलता येतं म्हणाला. मीच नको म्हटलं." काका स्क्रीनवरची नजर न काढता बोलत होते. "उलटं दिसलं म्हणून काय झालं? माणूस तोच येतो."

काकू आतून चहा घेऊन आल्या. तेवढ्यात स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यातून कोणीतरी वर येताना दिसलं. हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात पिशवी. हिरवी रेषा ओलांडली, पिवळी ओलांडली, आणि लाल रेषेच्या आत येऊन ते थांबलं. बेल वाजली. चेहरा स्क्रीनभर स्पष्ट दिसत होता, कपाळाला चिकटलेल्या केसांसकट. काकांनी तो पाहिला, नीट पाहिला, आणि तरीही घसा साफ करून मोठ्याने विचारलं,

"कोन शे?"

दाराबाहेरून उत्तर आलं, "मीच शे, मामा. उघडा."